शनिवारची गोळी

आमच्या तुकडीचा लांगरी, म्हणजे स्वैपाकी, गढवालकडचा होता. मी आज धडधाकट आहे तो त्याच्यामुळं. हे आधी सांगून टाकतो, मग बाकीचं.

फौज श्रीलंकेला गेली तेव्हा मीही गेलो. शाळा आठवीत सुटलेली. थोरला भाऊ दर साली ऊसतोडीला जायचा. माझ्या हातात कोयत्याऐवजी बंदूक आली ती नशिबानं. तिथं गोळीबाराइतकीच धास्ती मला डासांची होती. येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला आमच्या चुलत्याला हिवतापात गोधड्यांखाली थडथडताना पाहिलेलं. तसा ताप आला अन् आजारी म्हणून माघारी धाडलं, तर पुन्हा कोयताच, हे डोक्यातून जायचं नाही.

म्हणून सगळं इमानानं करायचो. सांज झाली की बाह्या खाली, मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली, अन् आठवड्याला हिवतापाची गोळी. घोटाळा एवढाच, की गोळी शनिवारी असायची. सकाळी रांगेत हवालदारासमोर गिळायची अन् तोंड उघडून दाखवायचं. शनिवार तर माझा मारुतीचा उपास. परभणीच्या स्टेशनावर आईनं एवढंच मागितलं होतं, शनिवार मोडू नको म्हणून.

पहिल्या शनिवारी उपाशी पोटी गोळी घेतली अन् रांगेतच ओकलो. पुढच्या शनिवारीही तेच. पोरं मला पंडितजी म्हणायला लागली. कुणब्याच्या पोराला पंडित! हवालदारानं सुनावलं, ओकलेली गोळी कामाची नाही, ताप आला तर चूक तुझीच धरतील. उपास सोड, नाहीतर बिस्तरा बांध.

मी आमच्या परभणीच्या हिंदीत बोललो, "साब, मैं उपास बी नै छोडता, गोली बी नै छोडता."

रांग खदखदली. हवालदार हसला नाही. पुढच्या शनिवारी बघतो, एवढंच म्हणाला.

लांगरी भट्टीजवळून हे ऐकत होता. संध्याकाळी त्यानं विचारलं, उपासाला तुमच्याकडं काय चालतं? मी म्हणालो, रताळं चालतं, पण तुझ्या भांड्यात मटण शिजतं, त्यातलं मला चालणार नाही. दुसरा कुणी असता तर हातातला डाव फेकून मारला असता. हा नुसता मान हलवून कांदे चिरत राहिला.

पुढच्या शनिवारी रांग लागायच्या आत त्यानं हाक मारली. भांडं नाही, पातेलं नाही, थेट निखाऱ्यात रताळी भाजलेली. राख झटकून एक माझ्या हातावर ठेवलं.

"पहले ये खा, पंडित. फिर गोली. उलटी की तो मैं मारूंगा."

गोळी पोटात राहिली. हवालदाराला तोंड उघडून दाखवलं, गरजेपेक्षा जरा जास्तच.

मग दर शनिवारी रताळं. बाजारात मिळालं नाही तर ओलं खोबरं. परत येईपर्यंत ना माझा उपास मोडला, ना मला हिवताप शिवला. हसणाऱ्यांतले काही मात्र गोळी गालात धरून नंतर थुंकायचे, ते फणफणून दवाखान्यात पडले.

सुट्टीवर गेलो की गावात कुणी म्हणतं मारुतीनं राखलं, कुणी म्हणतं गोळीनं. मी सांगतो, रताळ्यानं. ज्याला हसायचं त्यानं हसावं. मी शनिवार अजूनही धरतो.

लांगरीचं गाव डोंगरात, लय लांब. पण एक दिवस त्याला आमच्या गावी, चारठाण्याला घेऊन येईन, शनिवारीच आणीन. आमच्या रानातली रताळी असतील, निखाऱ्यापाशी मी बसेन, अन् पहिलं रताळं राख झटकून त्याच्या हातावर ठेवीन.