तणमोराखालचं गवत

आमच्या घरात प्राणी मी काढायचो आणि गवत बायको. हे वाटप लग्नानंतर लवकरच ठरलं, कारण मला धीर नाही. वाघाचा डोळा मी दोन दिवस घोटत बसेन, पण गवत काढायला घेतलं की दहाव्या पात्याला माझं डोकं फिरतं. ती मात्र अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या खोलीत खिडकीशी बसून एकेक पातं काढायची आणि मधूनच, तुमच्या वाघाचं पोट सुटलंय, असं सुनवायची. मी चित्रकलेचा मास्तर. निवृत्त झाल्यावर आम्ही नामशेष होत चाललेल्या प्राण्यांची पोस्टरं करून शाळाशाळांतून लावू लागलो.

ती गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून माझे प्राणी कोऱ्या कागदावर उभे असतात. लोकांना ती नवी स्टाईल वाटली आणि मीही वाटू दिली. खरं तर तिची जागा मला भरायची नव्हती.

गेल्या पावसाळ्यात अकोटच्या एका शाळेत चित्रं मांडली होती. नातीला घ्यायला आलेले एक म्हातारे पारधी बाबा तणमोराच्या चित्रापुढे थांबले. तणमोर कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात मादीसाठी नर उंच उड्या मारतो, तीच उडी मी काढली होती. बाबांनी तरुणपणी त्याच्यासाठी फासे लावले होते. आता ते गावचं कुरण राखतात.

"मास्तर, हा उडी काहून मारून राहिला?"

"मादीले दिसावं म्हणून."

"उघड्यावर तं थो असाच दिसते. गवतात बुडेल असते म्हणून उडते ना. गवतच नाई, तं थो इथं येईन कायले?"

मला रागच आला, कारण त्यांचं बरोबर होतं. कुरणं नांगरली म्हणून तणमोर चालला, हे मी दर शाळेत तावातावाने सांगतो. आणि चित्रात मीच त्याला कुरण दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत काढायला बसलो. चार दिवस लागले. माझी सगळी पाती एकाच बाजूला झुकतात, कवायतीला उभी केल्यासारखी. तिची कशीही वाकायची. तसं काढून पाहिलं, जमलं नाही. चौथ्या दिवशी कागदावर कोरी जागा उरली नाही. ब्रश धुताना मी रडलो.

पोस्टर छापायला नेलं. छापखानेवाल्याने विचारलं, "खाली दोघायचे नावं टाकू ना, नेहमीसारखे?" तीन वर्षं मी हो म्हणत आलो होतो.

या वेळी म्हणालो, एकच टाका. चित्रातलं सगळं माझंच होतं आता, आणि नेमकं तसंच व्हायला मला नको होतं.