देवाच्या मडक्यातली खडी

सुगीचा सण आला आणि घरात सुगीच नाही... बाहत्तरच्या दुष्काळात तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर अशी गंमत झाली होती. गंमत आज म्हणतेय. तेव्हा आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि उतरवायला घास तरी कुठे होते म्हणा!

आमच्या ख्रिस्ती घरांत एक रीत होती. दळायला बसण्याआधी धान्याची पहिली मूठ देवाची. ती चुलीशेजारच्या मडक्यात टाकायची आणि सुगीच्या सणाला ते मडकं चर्चमध्ये नेऊन रितं करायचं. पुढे ते धान्य मंडळीतल्या अडल्यानडल्यांना वाटलं जायचं.

माझ्या सासूबाई बायकांच्या मंडळाच्या प्रमुख. रेशनचा तो लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, पोटाला पुरत नव्हता, तरी त्यांची पहिली मूठ मडक्यात पडायचीच. मी एकदा चाचरत म्हटलं, "आत्याबाई, यंदा र्‍हाऊ द्या की."

"भरल्या घरातनं समदेच देत्यात. आधी देव, मग आपन," त्या म्हणाल्या. विषय संपला.

माझी लेक तेव्हा वर्षाची होती. तापातून उठलेली, मान धरत नव्हती... माझं दूधही आटलेलं. सासूबाई आणि आमचे हे सकाळीच दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मागे घरात मी, लेक आणि ते मडकं.

एका दुपारी मी मडक्यात हात घातला. मूठभर मिलो काढला, भरडून पेज केली. पोरगी वाटी चाटूनपुसून प्यायली आणि शांत झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच... मग रोजच.

मडकं हलकं झालं की सासूबाईंच्या हाताला कळणार. म्हणून मी तळाशी काळी खडी भरली आणि वर मिलो पसरला. ह्यांनी दारातला खड्डा बुजवायला ती खडी कामावरून आणली होती. अक्कल बघा माझी! मडकं शेवटी सगळ्यांसमोर ओतायचंच असतं, हे डोक्यातच आलं नाही.

आलं ते आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी जाहीर केलं तेव्हा. "सुगी नसली तरी सण होईल, मडकी आणा."

पुढचा आठवडा कसा काढला, माझं मला माहीत. लोक काय म्हणतील? मंडळीतून काढतील का? आणि सासूबाईंनी इतक्या वर्षांत कमावलेली अब्रू... ती माझ्यापायी जाणार. शनिवारी संध्याकाळी सांगायचं ठरवलं. सासूबाई मडक्यावर चुन्यानं क्रूस काढत बसल्या होत्या. चेहरा इतका समाधानी, की मी नुसताच चुना कालवून दिला.

रविवारी चर्चमध्ये चादर अंथरली, धान्य वाटायला सुपं ठेवली. एकेक मडकं एकाच राशीत रितं होत होतं. आमचं शेवटचं. सासूबाईंनी ते डोक्यावरून उतरवलं आणि तिरकं केलं. आधी मिलो सरसर पडला... मग खडखड खडी.

सासूबाईंनी एक खडा उचलला, हातात फिरवला. रोज फोडायच्या त्या, ओळखणार नाहीत होय? "आमच्याच मडक्यातली हाय. चूक माजी हाय," त्या म्हणाल्या.

मग मात्र मला बसवेना. "न्हाई, आत्याबाईंचं काय बी न्हाई त्यात! म्या घातली. लेकरासाठी दानं काढलं म्या." एवढं बोलले आणि लेकीला छातीशी धरून रडायलाच लागले.

सासूबाईंनी एक सूप ओढलं, चादरीवर मांडी घातली आणि राशीतले खडे निवडायला लागल्या. हळूहळू बाकीच्या बायकाही येऊन बसल्या. मीही बसले, डोळ्यांपुढे सगळं धूसर...

निवडता निवडता माझ्या हाताला लाल मुरमाचा खडा लागला. मग दुसरा. आमची खडी तर काळी होती! शेजारणीच्या सुपात विटेचे तुकडे निघाले. मी मान वर केली तर समोरच्या दोघींनी माना खाली घातल्या होत्या.

सासूबाईंनी ते पाहिलं. लाल, काळे सगळे खडे एकाच ओंजळीत घेतले आणि बाहेर टाकून आल्या. कुणाचं नाव विचारलं नाही.

आल्या आणि म्हणाल्या, "पाळकसाहेब, ह्ये धान्य वाटू नगा. हितंच चूल मांडा. रोजची पयली मूठ घरात ठिवायची न्हाई, हितं आनायची. आधी समद्यांची लेकरं जेवतील." मग माझ्या लेकीकडे बघत, "देवाला मडकं दिलं, पन लेकराकडं बघितलं न्हाई म्या."

त्या दुपारी चर्चच्या अंगणात पहिल्यांदा चूल पेटली. पुढचा पावसाळा येईपर्यंत ती विझली नाही. पहिली वाटी सासूबाईंनी हातात घेतली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि माझ्या लेकीला मांडीवर घेऊन भरवायला लागल्या. देवाची म्हणून जी मूठ मी चोरत होते, तीच देवाची म्हणून तिच्या तोंडात जात होती.

आजही तांदूळ निवडताना हाताला खडा लागला की मी तो लगेच टाकत नाही. क्षणभर हातात धरते... आणि देवाचे आभार मानते.