इन म्हणजे नाही

संध्या खरात आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आल्या तेव्हा बदनापुरात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मूळच्या आष्टीच्या. वडील दुसऱ्याच्या शेतात सालानं राहिलेले, आई खुरपणीला जाणारी. मी गणिताचा. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी होती, त्यामुळे त्यांचं बरंचसं मला त्यांच्याच तोंडून कळलं.

बारावीला त्या इंग्रजीत नापास झाल्या होत्या. घरी बसून पुन्हा अभ्यास करताना पुस्तकात 'अनफॉर्च्युनेटली' हा शब्द आला. एवढा लांबलचक शब्द बघून रडू यायचं बाकी होतं. त्यांनी सहज सुरुवातीच्या दोन अक्षरांवर एक अंगठा ठेवला, शेवटच्या दोन अक्षरांवर दुसरा. मधे उरलेला 'फॉर्च्युनेट' आधीच्या धड्यात येऊन गेलेला होता. "तेव्हा वाटलं, सर, आपल्याला उगीच भीती घातली होती," असं त्या मला म्हणाल्या.

पुढे त्या बी.ए. झाल्या, बी.एड. झाल्या, आणि वर्गात तेच शिकवायला लागल्या. शब्दाच्या आधी लागतो तो उपसर्ग, मागे लागतो तो प्रत्यय. अन, डिस, इन, इम म्हणजे नाही. फुल म्हणजे भरलेलं, लेस म्हणजे नसलेलं, एबल म्हणजे तसं होण्याजोगं. "घाबरू नका, तोडा," हे त्यांचं वाक्य. पोरांनी त्यांचं नावच तोडा मॅडम ठेवलं. त्यांना ते आवडायचं. पाठ करून आलेल्या पोराला त्या शाबासकी देत नसत. शब्द कधीच न पाहिलेला असावा आणि पोरानं तो तोडून अर्थ लावावा, की त्यांचा चेहरा उजळायचा.

अंगद या कामात सगळ्यांच्या पुढे होता. जवळच्याच गावातल्या रखमाजी जऱ्हाडांचा मुलगा. कोरडवाहू शेती, घरात तो, धाकटी बहीण शीतल आणि आईबाप. अंगद बियाण्याच्या पिशव्यांवरचे, औषधाच्या डब्यांवरचे शब्द उतरवून आणायचा आणि मधल्या सुट्टीत मॅडमसमोर तोडून दाखवायचा. दहावीला इंग्रजीत शाळेत पहिला आला. रखमाजी पेढे घेऊन आले तेव्हा मॅडमना म्हणाले, "पोरगं टीव्हीवरचं इंग्रजी समजून सांगू राह्यलंय आमाला. तुमची किरपा."

बारावीनंतर अंगदला पुढे शिकायचं होतं. पण मोटरसायकलवर जालन्याला एमआयडीसीत जाणारी गावातली चार माणसं होती, त्यांच्याबरोबर तोही एका लोखंडाच्या कारखान्यात लागला. एक वर्ष काम करू आणि मग कॉलेज, असं ठरलं होतं.

तिथेही त्याची हुशारी लपली नाही. कुठल्या खोक्यावर काय लिहिलंय, मशीनच्या पाटीवर काय सूचना आहे, हे विचारायचं झालं की मुकादम त्यालाच हाक मारायचा. एका दुपारी शेडमध्ये गॅस कटरनं सळया कापायचं काम चालू होतं आणि रंगकामाचे दोन ड्रम ठेवायला जागा नव्हती. ड्रमवरचं ज्वाळेचं चित्र घासून गेलेलं होतं, अक्षरं मात्र शाबूत होती. मुकादम म्हणाला, "अंगद, बघ रे, काय लिव्हलंय. हितं ठेवले तर चालतेन का?"

अंगदनं वाचलं. इनफ्लेमेबल. शब्द त्यानं पूर्वी पाहिलेला नव्हता. त्यानं तोडला. फ्लेम म्हणजे ज्वाळा. एबल म्हणजे होण्याजोगं. इन म्हणजे नाही.

"पेट घेत न्हाई, असं लिव्हलंय," तो म्हणाला. "ठेवा."

ड्रममध्ये रंग पातळ करायचं थिनर होतं. ठिणगी गेली तेव्हा बाकीचे दाराकडे पळाले. अंगद ड्रम ओढायला गेला, कारण ठेवा असं त्यानंच सांगितलं होतं. उजवा हात, मान आणि गालाचा खालचा भाग भाजला.

मॅडम दवाखान्यात गेल्या तेव्हा मी सोबत होतो. द्वारकाबाई, त्याची आई, खाटेच्या पायथ्याशी बसून होत्या. अंगदला बोलताना त्रास होत होता, तरी त्यानं पहिली तीच गोष्ट काढली.

"मॅडम, मी तोडला तो शब्द. तुमी शिकवल्यावानीच तोडला. कुठं चुकलं?"

मॅडमनी त्याला सांगितलं. या शब्दात इन म्हणजे नाही, असं नसतं. इथे ते इन्फ्लेम, म्हणजे पेटवणं, या शब्दातलंच आहे. पूर्ण शब्दाचा अर्थ, लवकर पेट घेणारा.

"मंग हे पुस्तकात का न्हाई?"

मॅडमना बी.एड.च्या वेळेपासून हा शब्द माहीत होता. दहावीच्या पेपरात असलं कधी विचारत नाहीत म्हणून त्यांनी तो वर्गात काढला नव्हता. हे त्यांनी त्याला तिथे सांगितलं नाही. परतताना रिक्षात मला सांगितलं.

गावात बातमी गेली ती वेगळ्याच रूपात. मॅडमच्या इंग्रजीनं पोरगं जाळलं, असं चहाच्या हॉटेलात बोलू लागले. दहावीच्या पेढ्यांच्या वेळी ज्यांना मॅडमची जात आठवली नव्हती, त्यांना ती आता नावाच्या आधी आठवू लागली.

कारखान्यानं उपचाराचा सुरुवातीचा खर्च केला आणि मग हात वर केले. त्यांचं म्हणणं असं की ड्रमवर धोक्याचा इशारा होता आणि कामगार शिकलेला होता. नोकरीला लागताना दिलेली त्याची गुणपत्रिकाच त्यांनी पुढे केली. एवढे गुण मिळवणाऱ्याला इशारा वाचता आला नाही हे आम्ही कसं मानायचं, त्यानं वाचूनही दुर्लक्ष केलं. मुकादमानं तर आपण काही विचारलंच नव्हतं असं सांगितलं.

रखमाजींनी जालन्यात वकील धरला. वकिलानं उपाय काढला आणि तो उपाय घेऊन रखमाजी मॅडमच्या खोलीवर आले.

"मॅडम, तुमी फकस्त एवढं लिहून द्या. पोराला इंग्रजी येत नव्हतं. मार्क पाठ करून पडले."

"पण काका, त्याच्याइतकं कुणालाच येत नव्हतं."

"म्हाईत हाय. पन ते येत होतं म्हनलं की आमाला काईच मिळत न्हाई."

मॅडम म्हणाल्या की मी खरं काय ते लिहून देते. इन म्हणजे नाही असं मीच शिकवलं, या शब्दाबद्दल सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही, म्हणून त्यानं तसा अर्थ लावला. रखमाजींना ते पटलं नाही, पण त्यांनी वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, मग कारखाना शाळेकडे बोट दाखवून मोकळा होईल.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक अण्णासाहेबांनी मॅडमना बोलावलं. त्यांच्या कानावर गेलं होतंच.

"शाळेचं नाव यात येता कामा नये," ते म्हणाले. "तुम्ही पुस्तकात आहे तेच शिकवलंत. तुमची चूक नाही."

"चूक आहे, सर."

"असेल. पण ती लिहून कुणाचं भलं होणार आहे? त्या पोराला चार पैसे मिळतील असं लिहा आणि विषय संपवा."

मॅडमनी लिहिलं. सदर विद्यार्थ्यास इंग्रजी शब्दांचा अर्थ कळत नसे, त्याचे गुण केवळ पाठांतराचे होते. लिहिताना मी समोर होतो. त्यांनी मला एकदाच विचारलं, 'नसे' लिहू की 'नव्हता'. मी म्हणालो, काहीही लिहा.

कारखान्याच्या ऑफिसात तडजोडीची बैठक झाली, मॅडमनाही बोलावलं होतं. अंगदला नेलं होतं, त्याची अवस्था दिसावी म्हणून. या कागदाचं त्याला घरच्यांनी सांगितलं नव्हतं. अधिकाऱ्यानं तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "काय रे, बरोबर आहे का हे?"

अंगदनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम टेबलाकडे बघत होत्या.

"मॅडम म्हनतेत तर बराबर असंल," तो म्हणाला.

भरपाई मिळाली. काहीच न मिळण्यापेक्षा बरी, वकिलानं सांगितली होती त्यापेक्षा पुष्कळ कमी. फाटकाबाहेर मॅडमनी त्याला गाठलं.

"अंगद, ते कागदापुरतं होतं रे."

"कळतंय मला." तो थांबला. "पन मॅडम, तेवढं एकच येत होतं मला."

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून राहिली. कॉलेजचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. आता तो गावातल्या पिठाच्या गिरणीवर बसतो. ओळखीचं कुणी काही वाचायला दिलं तर म्हणतो, मला इंग्रजी येत न्हाई.

मॅडमनी पुढच्या वर्षी दहावीच्या वर्गात तो शब्द फळ्यावर लिहिला आणि सगळं समजावून सांगितलं. नियम कुठे मोडतो हेही शिकायला हवं, म्हणाल्या. एका मुलीनं विचारलं की हे परीक्षेला आहे का. नाही म्हटल्यावर वर्गानं वह्या मिटल्या. आठवड्यानं अण्णासाहेबांनी बोलावून सांगितलं की पालकांची तक्रार आहे, जुनं उकरून काढू नका, अभ्यासक्रम संपवा. तेव्हापासून मॅडम पुस्तकातल्या याद्या पाठ करून घेतात. निकाल पूर्वीपेक्षा चांगला लागतो.

यंदा शीतल त्यांच्या वर्गात आली आहे. वही तपासताना मॅडमच्या लक्षात आलं की पोरगी भावासारखीच आहे, यादीत नसलेल्या शब्दांचे अर्थही तिनं बरोबर लावलेत. पण वर्गात ती कधी हात वर करत नाही. एक दिवस मॅडमनी तिला थांबवून घेतलं.

"तुला येतं ना सगळं? मग सांगत का नाहीस?"

शीतल पायाच्या अंगठ्यानं फरशी घासू लागली.

"दादा म्हनला, येत असलं तरी येतंय म्हनू नको."

मॅडमनी तिला जा म्हणून सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत येऊन त्यांनी मला हे सांगितलं आणि पुढच्या तासाचा हजेरीपट घेऊन वर्गावर गेल्या.