वर्कशॉपच्या खिडकीपाशी आई

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात तिच्याजवळ होतो. नर्स सलाईनची नवी बाटली लावायला आली तेव्हा आईने हात पांघरुणात ओढून घेतला. "ये किसलिए?" नर्स म्हणाली, "अम्मा, ताकत के लिए है।" आईने माझ्याकडे पाहिलं. "वाचून पाह्य बरं, खरंच हाये का?" मी बाटलीवरचं वाचून दाखवलं, तेव्हा कुठे हात बाहेर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बहिणीचा फोन आला... त्याला आता दोन महिने होतील. भेटायला येणारे तिच्या मायेबद्दल बोलतात. माया होतीच. पण माझी आई मला आठवते ती संशय घेताना.

ती वर्ध्याकडची. बाबा रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून लखनौला आले आणि आलमबागेतल्या क्वार्टरमध्ये आमचं बिऱ्हाड थाटलं गेलं. सत्तरच्या दशकात मी नववीत गेलो, तेव्हा शाळेने मला टेक्निकल गटात टाकलं. विज्ञानाला नाही, वाणिज्यालाही नाही; वर्कशॉप, ड्रॉइंग, कानस आणि लेथ. बाबा खूश झाले. हाताला काम लागेल, म्हणाले. आई चुलीपुढून उठलीच नाही. "तुमच्या हाताले लागलं तेवढं पुरे नाई का? बामनाच्या पोरायले पुस्तक आन आपल्या पोराले हातोडा, हे कोनं ठरवलं?" गटाची वाटणी मार्कांवरून झाली होती की आडनावांवरून, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि विचारायला जाण्याची बाबांची हिंमत नव्हती.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी तिने माझा हात धरून कंदिलाजवळ नेला. शेजारचा सक्सेनांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्याची नखं तेलाने काळी झालेली तिने नळावर पाहिली होती. माझी स्वच्छ होती. केसांत मात्र लोखंडाचा चुरा अडकलेला. "तू तिथं करतं काय?" मी हात सोडवून घेऊ लागलो. "झाडतं ना?" ...मी झाडतच होतो. बाकीची मुलं आळीपाळीने लेथवर उभी राहत आणि मी खाली पडलेला कीस गोळा करून डब्यात भरत असे. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे तिला सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या खिडकीत तिचा चेहरा दिसला. डोक्यावरून पदर, दोन्ही हातांनी गज धरलेले. आमचे वर्कशॉपचे मास्साब त्रिपाठीजी उंच, कमी बोलणारे, खाकी कोटातले गृहस्थ. त्यांना वाटलं कोणी कामवाली आहे. त्यांनी तिला मागच्या दाराने यायला सांगितलं. आई पुढच्या दारानेच आत आली. "मास्साब, मेरे लडके को झाडू कायको देते?" तिचं हिंदी असंच होतं. मुलं हसली. त्रिपाठीजींनी मशीन बंद केलं. "माताजी, लड़का मशीन से डरता है। ज़बरदस्ती करूँ, उँगली चली जाए, तब आप ही मुझे पकड़ेंगी।"

यात खोटं काही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात लेथवरून उडालेला तापलेला कीस माझ्या मानेवर पडला होता आणि तेव्हापासून मी मागे मागे राहत होतो. पण मी मागे सरकलो म्हणून हातात झाडू आला, की झाडू द्यायचाच होता आणि माझी भीती त्यांच्या पथ्यावर पडली? दुसरीही मुलं घाबरत होती. त्यांच्यापैकी कुणी झाडत नव्हतं. आईने सगळ्यांसमोर मला मराठीत विचारलं, "भेतं का रे?" मी मान डोलावली. "मंग आधी मशीन. भेव गेल्यावर झाड पाह्यजे तेवढं."

 मास्साबांनी मला लेथपुढे उभं करून आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि चाक हळूहळू फिरवलं. लोखंडाची निळसर साल गोल गोल वळत निघाली. मी रडवेला झालो होतो, पण मागे सरलो नाही. मागे आई होती. त्यानंतर वर्कशॉपच्या दिवशी ती खिडकीशी यायचीच. हिवाळ्यात धुकं पडलं तरी शाल गुंडाळून उभी. मुलांनी मला नावं ठेवली, चिडवलं. माझी नखं मात्र काळी झाली.

पुढे मास्साबांनी मला रविवारीही बोलावलं, बोर्डाच्या प्रॅक्टिकलची तयारी करून घ्यायला. आईचा संशय वाढलाच. "फुकट काऊन शिकवते तो?" ती सोबत आली आणि परतताना म्हणाली, "त्या दिवशीची लाज धूत असंन." मी चिडून म्हणालो, चांगला माणूसही असू शकतो ना आई? "असू शकते," ती म्हणाली. "म्हनूनच तर पाह्यते."

ऐंशीच्या दशकात मला सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी लागली, तेव्हा त्रिपाठीजी पेढे घेऊन घरी आले. आईने चहा केला. कप त्यांच्यापुढे ठेवून ती तिथेच उभी राहिली. आमच्याकडे कोण पाणी पितं, कोण "अभी पीकर आया हूँ" म्हणतं, हे तिला पाठ होतं. मास्साब चहा प्यायले. बशीत उरलेलाही प्यायले. मग म्हणाले, "माताजी, एक कप और मिलेगा?" मला भरून आलं. आईने दुसरा कप दिला, फाटकापर्यंत पोचवायलाही गेली आणि परत येऊन कप विसळताना म्हणाली, "पहिला तहानेचा होता. दुसरा मुद्दाम मांगितला त्यानं."

मी हसलो होतो. आता हसू येत नाही. तिचं खरं होतं की मास्साबांवर अन्याय होता, हे मला अजून ठरवता येत नाही. दोघंही गेली.

आईची खाट आम्ही हलवलेली नाही. तिने ती अशी लावून घेतली होती, की पडल्या पडल्या फाटक दिसावं आणि येणाऱ्याला मात्र आपण दिसू नये. मुलगा म्हणतो, "पापा, अब तो इसे घुमा दीजिए, टीवी इधर है।" राहू दे, म्हणतो मी. दुपारी तिथेच पडतो... फाटकाची कडी वाजली की टीव्हीचा आवाज कमी करतो आणि कोण आलंय, ते आधी नीट पाहून घेतो.