सगळ्यात खालचा कापूस

कापसाची गाडी वळणाआड गेली तरी विमलताई दारातून हलल्या नाहीत. गाडी भरायला चौघे आले होते. पाणी प्यायला ओसरीवर बसले तिघेच. मग चौथा होता कुठे?

"मोरीत गेलता," त्यांचे यजमान वामनराव म्हणाले. "मले इचारून गेलता."

"इचारूनच जातेत," म्हणत विमलताई आत गेल्या आणि मोरीतला साबण बघून आल्या. साबण जागेवर होता. त्याने त्यांचं समाधान झालं नाही, पण बोलण्यासारखंही काही उरलं नाही.

स्वभावच तसा. घर म्हणजे चाळणी, कुठल्या कुठल्या भोकाला बोट लावणार, असं त्या म्हणत, आणि दिवसभर बोटं लावत फिरत. दुधाचं माप डोळ्यांसमोर आडवं धरून बघत. सुनेच्या माहेराहून लोणचं आलं की बरणी आधी उन्हात धरत.

समोरची खोली आज सहा महिन्यांनी रिकामी झाली होती. दिवाळीच्या आधी वेचणीची पहिली खेप, पहिला वेचा, घरात आला तेव्हापासून तिथे कापूसच नांदत होता. भाव वाढेल, भाव वाढेल म्हणत कापसाची गंज आढ्याला टेकली. खिडकी बंद, पंखा बंद, घरभर खाज. आता चैत्राचं ऊन बाहेर रखरखत होतं आणि त्या खोलीतली फरशी मात्र रांजणासारखी गार होती. विमलताईंनी चपला काढून दोन्ही पावलं फरशीवर टेकवली आणि क्षणभर डोळे मिटले. लगेच उघडले. पायल, त्यांची सून, पसारा आवरायला बसली होती, आणि 'फेकायचं' म्हणून केलेला तिचा ढीग 'ठेवायचं'पेक्षा मोठा दिसत होता.

"ते काहून फेकतं?"

"चाळणी फाटली, आई."

"फाटली तं राख चाळाले चालते."

चाळणी इकडच्या ढिगातून तिकडच्या ढिगात गेली. कापसाखालून एकेक वस्तू निघत होती. चहाची गाळणी निघाली, जिच्यापायी विमलताईंनी पौषात एका भांडेवालीला दारातून परत पाठवलं होतं. वामनरावांचं पेन निघालं, ज्याचा संशय चुलत पुतण्यावर होता. पायल प्रत्येक वस्तू सासूला दाखवून बाजूला ठेवत होती; तोंडाने काही म्हणत नव्हती, आणि तेच विमलताईंना खुपत होतं.

शेवटी खालची ताडपत्री राहिली. तिच्या भिंतीकडच्या घडीत पहिल्या वेच्याचा कापूस अडकून बसला होता, ओंजळभर. पायलने तो ओढला आणि फरशीवर खणकन काहीतरी पडलं.

पितळी अडकित्ता. विमलताईंच्या आईचा. मुठीला मोराची मान.



या अडकित्त्यापायी मागच्या गल्लीतली सुखीबाई संक्रांतीपासून त्यांच्या पायरीला शिवली नव्हती. त्याआधी सव्वीस वर्षं, वेचणीचे दिवस सोडले तर, ती रोज चार वाजता यायची. विमलताई सुपारी कातरायच्या, सुखीबाई गावातल्या बातम्या कातरायची. संक्रांतीच्या वाणाला ती आली, आणि तीन दिवसांनी विमलताई अडकित्ता शोधू लागल्या. मिळाला नाही तेव्हा पिठाच्या गिरणीवर, सात-आठ बायांपुढे, त्यांनी विचारलं होतं, "सुखी, तुह्या पिशवीत चुकून तं नाई आला?"

सुखीबाई तेव्हा शांतपणे म्हणाली होती, "संक्रांतीले तुनं सुपारी बत्त्यानं फोडली, विमल. अडकित्ता मी पाह्यलाच नाई." आणि पीठ न घेताच निघून गेली होती. बत्त्याची गोष्ट विमलताईंनी साफ खोटी धरली. चोर असंच काहीतरी सांगतो.

आता त्यांनी अडकित्ता उचलला, उलटसुलट केला. "तिनंच टाकला असन," त्या म्हणाल्या. "खिडकीतून. आपलं नाव येते म्हनून."

वामनराव पेन लिहितं का ते हातावर बघत होते. "खिडकी बंद होती."

"फट हाय तिले."

"बरं, फटीतून टाकला. मंग तो आढ्यापासून सरकत सरकत ताडपत्रीच्या घडीत गेला?"

विमलताई अडकित्त्याचं तोंड उघडून बघत होत्या. पात्यांत कापूस गुंतला होता. त्यांनी तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा, दुधाच्या सायीसारखा. संक्रांतीला घरात आला तो फरदडीचा, म्हणजे जुन्याच झाडांवर शेवटी धरलेला कापूस पिवळट, किडका, बोंडातच चिकटून कवडी झालेला. तो गंजीच्या डोक्यावर होता. बाकी कशाबद्दल त्यांची फसगत झाली असती, पण कापूस कितव्या वेच्याचा हे त्यांना अंधारातही बोटांनी कळायचं. हा सीतादही करून, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून आणलेला पहिला कापूस. त्या दिवशी वेचणाऱ्या बाया गाठोडी रिकामी करत होत्या आणि याच भिंतीला टेकून विमलताई त्यांच्यासाठी सुपारी कातरत होत्या. पुढे वेचणीच्या घाईत चारची बैठकही बंद होती, सुपारी आठवलीच नाही. म्हणजे संक्रांतीला अडकित्ता घरात असून नसल्यासारखा होता. म्हणजे सणाच्या गडबडीत हाताशी आला त्या बत्त्यानेच सुपारी फोडली होती.

"चहा मांडू का?" पायलने विचारलं.

"नको."

त्यांनी अडकित्ता चिंचेने घासला, पदराखाली घेतला आणि ऊन कलायची वाट न पाहता निघाल्या.

सुखीबाई अंगणात खाटेवर कुरडया पालटत होती. तिने मान वर केली नाही. "कापूस गेला वाटते तुमचा."

"गेला." विमलताईंनी अडकित्ता खाटेच्या कडेवर ठेवला. "ताडपत्रीच्या घडीत होता. पह्यल्या वेच्यात."

"मले वाटलंच होतं, कापूस निंघाला का तो बी निंघन."

"मंग तवा काहून नाई बोलली? शोधला असता."

"बोलली असती तं तू म्हनली असती, सुखीले बरं ठाऊक कुठी हाय तं. तिनंच ठेवला असन."

विमलताईंचे कान तापले. तासाभरापूर्वी त्या नेमकं हेच म्हणाल्या होत्या. त्यांनी कनवटीची सुपारी काढली, खाटेच्या पायाशी बसल्या आणि कातरू लागल्या. "चुकलं माहं," त्या सुपारीकडे बघत म्हणाल्या. "गिरनीवर बी जाऊन सांगन. सगळ्या बायाईले."

"जाजो. पीठ बी आन माहं, तवाचं राह्यलं."

सुखीबाईने दोन खांडं उचलली. एक दाढेखाली धरलं, एक परत ठेवलं. "जाड कातरतं आता. सवय गेली तुही."

"इथंच ठेव अडकित्ता," विमलताई उठता उठता म्हणाल्या. "उद्या येशीन तवा घेऊन ये."

"नाई व बाई. घेऊन जा. माह्या घरी एक रात बी नको." सुखीबाईने कुरडई पालटली. "येईन मी. पन पिशवी नाई आननार. मोकये हात घेऊन येईन, जातानी तुह्यापुढं झटकून जाईन."

विमलताईंनी अडकित्ता कमरेला खोचला. "चाराले ये. समोरची खोली थंडी हाय."

"साडेचार," सुखीबाई म्हणाली.