बोटवाल्या वहिनी

अगं पोरींनो, जरा जवळ या, आणि ते फोन खाली ठेवा. मंडळाच्या अंकात आम्हा म्हाताऱ्यांचं काही आलं की पान उलटता, ठाऊक आहे मला. पण आज बोटवाल्या वहिनींचं सांगतेय.

इथे लंडनच्या स्टॅनमोरला आमच्या शेजारी राहायच्या. माझ्याहून लहान, पण सगळ्यांच्या वहिनीच. नेव्हीसाठी माणसाशिवाय चालणाऱ्या बोटी बनवायच्या, आणि स्वतः पाण्याला इतक्या भ्यायच्या की स्विमिंग पूलच्या काठावरही चप्पल काढत नसत! त्यांच्या बोटी उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात गस्त घालणाऱ्या जहाजांवर जायच्या. जहाजावर बोट कशी ठेवतात, मला काही कळेना, तेव्हा म्हणाल्या, "अहो काकू, तुमची मागची खोली कशी? पाहुणे आले की त्यांची, लेक बाळंतपणाला आली की तिची. जहाजाच्या मागच्या डेकवर तसंच. आज माझ्या बोटीचा कंटेनर, उद्या तिथेच दवाखान्याचा."

बोट वर्कशॉपमधून निघाली की तिची ओटी भरायच्या. खण, नारळ, तांदूळ, सगळं. तिथला गोरा फोरमन दार अडवून विचारायचा, "राइस झाला का, मॅडम? मगच लॉरी हलेल." वहिनी म्हणायच्या, "आत माणूस नाही म्हणून काय झालं? जातेय तर लांबच ना!"

रिटायर व्हायच्या आधीची शेवटची चाचणी. जमली तर नेव्ही बोट घेणार, नाहीतर इतक्या वर्षांचं काम कपाटात. वहिनी भीती गिळून जहाजावर गेल्या. बोट छान चालली, आणि परतताना बर्फात अडकली. वारा वाढलेला. कॅप्टन म्हणाला, "दोघांना रबरी होडीतून पाठवतो, घेऊन येतील." दोघं पोरं जॅकेट चढवून तयारसुद्धा.

वहिनी म्हणाल्या, "नाही. माणसाला तिथे जावं लागू नये म्हणून तर ती केली. आता तिच्यासाठी माणसं पाठवायची?"

बोट तिथेच बर्फात गेली.

परतल्या त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात. "काकू, ओटी भरली होती हो तिची," म्हणाल्या आणि रडल्या.

"आणि ती दोन पोरं?"

"आपापल्या घरी."

"मग झालं तर. पिठलं टाकते."

ताट पुसून खाल्लं आणि वर "मीठ कमी होतं" म्हणाल्या, तेव्हा ओळखलं, बाई सावरली.

नेव्हीने तसली बोट काही घेतली नाही. पण गणपतीत त्या दोन पोरांतला एक आईला घेऊन आमच्या हॉलवर आला. मोदक हातात धरून विचारतो, "वरचं पांढरं सोलायचं का?" त्याची आई वहिनींचा हात सोडेना. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "काकू, बोट काय हो, दुसरी होते."

आता त्या लेकीकडे लीड्सला गेल्या. शेजारी नवं बिऱ्हाड आलंय, माणसं भली आहेत, पण मागच्या दाराने कोणी "काकू, चहा टाका" म्हणत शिरत नाही. पोरींनो, हॅरोहून बस थेट येते. या शनिवारीच या.