सुट्या भागांचा कॉम्प्युटर

आम्ही चिंचणीचे. आमच्याकडे मासे विकणाऱ्या बाईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि तो जायलाच हवा. माझा जात नाही. बोईसरच्या बाजारात मी आणि माझी जाऊ सुके बोंबील घेऊन बसतो, तेव्हा ती गिऱ्हाईकाशी भांडते, हसते, त्याच्या सासूचीही चौकशी करते. मी मागे बसून वजन करते आणि पिशव्या भरते. जाऊ म्हणते, "हिला देवाने तोंड दिलं ते जेवायला." मला राग येत नाही. कोणी भाव विचारला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे खरंच आहे.

लेक माझ्यावर गेली नाही. ती तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला जाते. तिला कॉम्प्युटरवरचे खेळ खेळायची भारी आवड. सालवडच्या मैत्रिणीकडे जाऊन खेळायची आणि अंधार पडल्यावर घरी यायची. तिच्या वडिलांना ते आवडत नसे. शेवटी तेच म्हणाले, "खेळायचं तं घरात खेळ. तुझ्या पगाराचा घे कॉम्प्युटर." मला वाटलं, भांडण मिटलं. ते तेव्हा कुठे सुरू झालं होतं.

नवऱ्याला तयार कॉम्प्युटर हवा होता. दुकानात चालू करून दाखवतील, घरी आणून नुसती वायर लावायची. बिघडला तर दुकानदाराला धरायचं. लेकीला एकेक भाग निवडून घ्यायचा होता आणि स्वतः जोडायचा होता. जेवताना रोज हेच.

"बाबा, तयारमध्ये बाहेरून काच आन दिवे. आतला पॉवर सप्लाय हलका टाकतात. तो जळला तं दुसरंपण घेऊन जातो."

"तू काय इंजिनिअर हाय?"

"जोडायला इंजिनिअर लागत नाय. आन आपल्याकडचं हे खारं वारं. पंखा गंजला तं तेवढाच बदलीन."

"आन जोडतानाच मोडलास तं? मग कोणाला धरू? तुला?"

"मलाच धरा!"

मग दोघं माझ्याकडे बघायची. मी भात वाढायची.

एकदा नवरा वैतागून म्हणाला, "जाऊ दे. तुझी आय बोलंल तसं." हे त्याने मला मान द्यायला म्हटलं नव्हतं. मी काही बोलणार नाही आणि मग त्याचंच होईल, हे त्याला ठाऊक होतं. लेकीलाही ठाऊक होतं. ती माझ्याकडे न बघता ताट घेऊन उठली.

रविवारी आम्ही तिघं बोईसरच्या दुकानात गेलो. टेबलावर काचेचा मोठा डबा होता. आत पंखे फिरत होते आणि त्यांचे रंग बदलत होते. दुकानदाराने त्यावर एक खेळ लावून दाखवला. छान चालत होता, खोटं कशाला सांगू. लेकीने पॉवर सप्लाय कुठला म्हणून विचारलं.

"अच्छावाला है, बेटा," असं म्हणून त्याने तिच्या वडिलांना किंमत सांगितली. नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "तिला विचारा. ती बोलंल ते."

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मी फरशीकडे बघितलं.

"चला मावशी, तुमच्यासाठी थोडं कमी करतो."

मी काही बोलले नाही.

"कीबोर्ड फ्री देतो."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"माउस पण घ्या. मावशी, इससे नीचे मेरी खरेदी नहीं है," असं म्हणाला आणि लगेच आणखी खाली आला. जाऊने भांडूनसुद्धा जेवढं उतरवलं नसतं तेवढं माझ्या गप्प बसण्याने उतरलं. तो मला भाव पाडण्यात पक्की बाई समजला होता. नवऱ्याचा चेहरा फुलला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अजून थोडी अशीच ऱ्हा."

मला हसूच आलं असतं, पण लेकीकडे नजर गेली. किंमत खाली आली की तिची मान तेवढी खाली जात होती. तो डबा जितका स्वस्त होत होता, तितकं तिचं म्हणणं मागे पडत होतं. आणि ते मीच करत होते. मी दोघांच्या मध्ये कधी पडत नाही असं मी समजत आले होते. इथे तर मी तोंड न उघडता नवऱ्याच्या बाजूने बोलत होते.

"हा नको," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की दुकानदार पुढे वाकला. "काय, मावशी?"

"हा नको. लेक सांगंल ते सुटं भाग द्या."

"अगो, एवढा उतरलाय तो!" नवरा म्हणाला.

"सुट्या मालाला हा भाव नाही बसणार," दुकानदाराचं हसू गेलं. "आणि जोडताना काही मोडलं तर परत घेणार नाही. बाद में बोलना नहीं."

"बरं," मी म्हणाले.  लेक तोवर काउंटरला टेकून एकेका भागाचं नाव सांगायला लागली होती.

रिक्षात नवरा एवढंच म्हणाला, "नाय चालला तं तू जाण." मी खोके मांडीवर धरून बसले. पैसे गेले तर गेले, लेक कमावती आहे. पण हा चालू झाला नाही तर यापुढे आमच्या घरात तिचं कोण ऐकणार होतं?

घरी आल्यावर तिने चटईवर सगळं मांडलं. जाऊ दारात येऊन उभी राहिली. "काय गो, काटं तं समदं मांडलंस. मासा कुठं हाय?" लेक हसली, पण मान वर केली नाही. एकेक भाग बसवत, स्क्रू आवळत, मोबाइलवर बघत तिचं काम चाललं होतं. नवरा टीव्हीकडे तोंड करून बसला होता.

चहाच्या वेळेला तिने बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळीच राहिली. तिने पुन्हा दाबलं. तरी काळीच.

नवऱ्याने टीव्ही बंद केला. 

"आये, मी कायतरी मोडलं," लेक म्हणाली. 

नवरा उठला. "बांध सगळं. रिक्षा बोलावतो. त्या दुकानवाल्याच्याच पाया पडू, तूच जोडून दे म्हणून."

"बसा तुमी," मी म्हणाले. "तिला परत बघू द्या."

जाऊच्या समोर मी त्याला असं कधी बोलले नव्हते. तो माझ्याकडे बघत राहिला आणि खाली बसला.

लेकीने वायर काढली. आतल्या दोन लांबट पट्ट्या उपसल्या. "ही रॅम. मोडंल म्हणून मी घाबरून हळू दाबली होती," असं स्वतःशीच म्हणाली. या वेळी त्या परत खाचेत ठेवून, दोन्ही अंगठे टेकवून तिने जोर लावला. खट्ट असा आवाज आला, तो दारापर्यंत ऐकू गेला. वायर लावून बटण दाबलं, तर थोड्या वेळाने स्क्रीनवर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला ती वाचता आली नाहीत. मी लेकीचं तोंड बघितलं आणि मला कळलं.

"मासा जित्ता झाला गो!" जाऊ ओरडली आणि शेजारी सांगायला गेली.

 लेकीने वायरी नीट बांधायला कॉम्प्युटर पुन्हा बंद केला, तेव्हा नवरा हळूहळू चटईजवळ सरकला.

"हा पंखा कशाला?"

"गरम हवा बाहेर टाकायला."

"आन हे एवढं मोठं काय हाय?" त्याने हात पुढे केला.

"थांबा बाबा! आधी लोखंडी कपाटाला हात लावा. अंगातली वीज उतरते, नाय तं भाग जळतात. मी दुपारपासून तेच करते."

"नाटकं," तो म्हणाला. पण उठला, कपाटाला तळहात लावला, आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसला. "हां, आता दाखव."